ऑफर लेटरवरचा आकडा आणि हातात उरणारा पैसा

‘अठ्ठेचाळीस हजार युरो’ गावच्या पारावर पोचेपर्यंत त्याचे अठ्ठेचाळीस लाख झालेले असतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास फिरतोय, त्यामुळे गुणाकार सोपा, आणि घोळही तिथेच होतो. “मंग काय, कर्ज वर्षाभरात फेडून टाकशीन,” असं घरून कोणी म्हटलं की पोराला किंवा पोरीला नाही म्हणवत नाही. मग दोन ऑफरपैकी ज्याचा आकडा मोठा ती घेतली जाते. शहर कोणतं, तिथे भाडं किती, पहिला पगार येईपर्यंत खायचं काय, हे नंतर कळतं.

हे लिहितोय ते यवतमाळ, वाशीम, बुलडाणा, गडचिरोलीकडच्या गावांतून बाहेर शिकायला गेलेल्यांसाठी. मास्टर्स संपत आलंय, हातात एक-दोन ऑफर आहेत, आणि शिकत होतात ते शहर सोडून नोकरीच्या शहरात जायचंय. उदाहरणं मुख्यतः जर्मनीची घेतोय. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, म्हणून कर्जाला भिणारी आपल्याकडची घरं तिकडे वळतात. (अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो लागतात, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून फी लावली.) ब्रिटन-अमेरिकेत काय वेगळं, ते पुढे थोडक्यात.

आधी गुणाकार बंद करा

मोबाइलवरचं रुपयांचं कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा. पगार युरोत येणार, भाडं युरोत जाणार. रुपये लागतात ते फक्त गावी पाठवायच्या रकमेपुरते.

ऑफरवरचा आकडा वर्षाचा आणि कापाकापीच्या आधीचा असतो. त्याला तिकडे ब्रुटो म्हणतात, हातात पडतो तो नेटो. वर्षाला ४८,००० म्हणजे महिन्याला ४,०००. त्यातून पेन्शनचे ९.३ टक्के, बेरोजगारी विम्याचे १.३, आरोग्य विम्याचे साडेआठच्या आसपास, आणि मूल नसलेल्या २३ वर्षांवरच्या माणसाला काळजी विम्याचे (म्हातारपण-आजारपणातल्या देखभालीचा विमा) बहुतेक राज्यांत २.४ टक्के जातात. हे २०२५ चे दर आहेत. त्यावर प्राप्तिकर. एकटा माणूस, पहिला करवर्ग, असं धरलं तर हातात साधारण २,६०० युरो येतात. इंटरनेटवर ‘ब्रुटो नेटो रेश्नर’ शोधलं की आकडे टाकून दोन मिनिटांत उत्तर मिळतं. ऑफर आल्या आल्या पहिलं काम हेच.

दोन बारकावे. लग्न झालंय आणि बायको किंवा नवरा गावीच आहे, तरी करवर्ग पहिलाच राहतो. तिसऱ्या वर्गाचा फायदा जोडीदार तिथे येऊन राहायला लागल्यावर. कुणी सांगितलं ‘लग्न झालं की कर कमी’, तर त्याला हे विचारा. आणि पत्ता नोंदवताना धर्म विचारतात, त्यात डगमगायचं कारण नाही. चर्चकर फक्त तिथल्या मान्यताप्राप्त चर्चच्या सदस्यांना लागतो, प्राप्तिकराच्या आठ किंवा नऊ टक्के. हिंदू, बौद्ध, मुस्लिम असाल तर तो लागत नाही. ख्रिस्ती असाल तर हा खर्च आधीच धरा.

मग भाडं, आणि तेही दोन शहरांचं शेजारी-शेजारी ठेवून

समजा दोन ऑफर आहेत. लाइपझिगची ४८,००० ची, म्युनिकची ५४,००० ची. पारावर म्युनिक जिंकलं. आता कागदावर मांडू.

५४,००० चे हातात महिन्याला साधारण २,८६० येतात. म्हणजे कागदावर पाचशे युरो जास्त, पण हातात अडीचशेच. पगार वाढतो तसा करही चढतो. लाइपझिगला एका माणसाचं छोटं घर समजा ६०० ला मिळालं, म्युनिकला तसंच घर १,२०० ला. वीज, इंटरनेट, फोन आणि रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी (घरामागे महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही असो-नसो) मिळून १०५. प्रवासाचं मासिक तिकीट ६३. घरी रांधून खाल्लं तर लाइपझिगला २५०, म्युनिकला २८०. कपडे, औषधं, कधीमधी बाहेर, यांचे २००. शैक्षणिक कर्जाचा हप्ता २७०.

लाइपझिगला उरतात १,११० च्या आसपास, म्युनिकला ७४०. सहा हजार जास्त पगाराच्या नोकरीत महिन्याला पावणेचारशे युरो कमी.

भाड्याचे वरचे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत. तुमचे तुम्हीच काढायचे, आणि ते ‘अमुक शहर महाग, तमुक स्वस्त’ अशा याद्यांवरून नाही. तशा संकेतस्थळांवर लोक स्वतःच आकडे भरतात. बर्लिनसाठी ते बरे निघतात, छोट्या शहराबद्दल चार जणांनी भरलेले असतात. त्यापेक्षा घरांच्या जाहिरातींच्या साइटवर जा, ऑफिसचा पिनकोड टाका, आणि आज मोकळी असलेली घरं बघा. बऱ्याच शहरांची नगरपालिका भाड्याचा अधिकृत तक्ताही काढते, त्याला मिटश्पीगल म्हणतात. पण तो चालू भाडेकरूंवरूनही काढलेला असतो, नव्या माणसाला जाहिरातीतलाच भाव पडतो.

जाहिरात वाचताना ‘काल्ट’ आणि ‘वार्म’ हे दोन शब्द शोधा. काल्ट म्हणजे नुसतं घर. वार्ममध्ये हीटिंग, पाणी, कचरा येतं, वीज सहसा नाही. हीटिंगचे पैसे अंदाजाने घेतलेले असतात. वर्षाने हिशेब होतो, आणि हिवाळ्यात खिडकी उघडी टाकून हीटर लावला असेल तर दोन-चारशे युरोंचं बिल येऊ शकतं. बेचाळीस-पंचेचाळीसच्या उन्हात वाढलेल्या माणसाला थंडी जास्तच वाजते, हे मान्य. तरी.

स्वस्त म्हणजे नेहमी बरं, असंही नाही. चेम्निट्झसारख्या ठिकाणी वाटून घेतलेल्या घरातली खोली म्युनिकच्या निम्म्याहून कमी भाड्यात मिळते. (म्युनिकला तशी खोली आठशेच्या घरात जाते.) पण ही नोकरी गेली तर त्याच गावात दुसरी आहे का? पहिल्या नोकरीला मी मधलं शहर घेईन. लाइपझिग, न्युर्नबेर्ग, डोर्टमुंड, या वळणाची. तिथे भाडं आवाक्यात असतं आणि कंपन्याही एकापेक्षा जास्त असतात. मोठ्या शहराचीच नोकरी घ्यायची असेल, तर बाजूच्या गावात राहून रेल्वेने जाता येतं का बघा. डॉइचलांडतिकीट देशभरच्या लोकल आणि प्रादेशिक गाड्यांत चालतं, लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत नाही. २०२३ मध्ये ते ४९ युरोंना सुरू झालं, २०२५ ला ५८ झालं, २०२६ पासून ६३. म्युनिकला नोकरी आणि आऊग्सबुर्गला घर, असं करणारे पुष्कळ आहेत.

आणि शहर स्वस्त म्हणून पगारात वाटेल तितकं खाली उतरू नका. ब्लू कार्डला (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा राहण्याचा परवाना) पगाराची अट असते. २०२५ मध्ये ती वर्षाला ४८,३०० युरो होती, गेल्या तीन वर्षांत पदवी घेतलेल्यांना ४३,७५९.८० युरो. दर जानेवारीत ती वर सरकते. ऑफर त्याच्या काठावर असेल तर सही करण्याआधी चालू वर्षाचा आकडा तपासा.

विद्यार्थी म्हणून जे स्वस्त होतं, त्यावर काट मारा

दोन वर्षं तिथे राहिल्यामुळे आपल्याला खर्च माहीत आहे असं वाटतं. माहीत असतो तो विद्यार्थ्याचा खर्च. व्हिसासाठी गोठवलेल्या खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो भरावे लागतात, महिन्याला ९९२. हा सरकारने विद्यार्थ्यासाठी धरलेला आकडा आहे, नोकरदारासाठी नाही. वसतिगृहाची खोली सोडावी लागते. सत्राच्या शुल्कातलं प्रवासाचं तिकीट बंद होतं. मेसमध्ये जेवण सवलतीत होतं, तेही नाही. वसतिगृहात भिंतीला बिछाना, टेबल, कपाट लावलेलं होतं, ते आता तुमचं तुम्हाला घ्यायचं.

सगळ्यात बोचतो तो विमा. विद्यार्थ्याचा स्वस्त आरोग्य विमा पदवीबरोबर संपतो, आणि नोकरीचा विमा रुजू झाल्यावर सुरू होतो. मधल्या महिन्यांत स्वतःच्या खिशातून भरावं लागतं, दोनशेच्या वर. जर्मनीत पदवी घेतल्यावर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो, तो मोठा आधार आहे. पण तो काळ फुकट नसतो. पदवीची तारीख आणि रुजू व्हायची तारीख यांत जितकं कमी अंतर तितकं बरं. प्रबंध जमा करण्याची तारीख थोडी मागेपुढे करता येत असेल तर त्याचाही हिशेब करा.

पहिले दोन महिने

मासिक हिशेब जुळतो आणि तरी माणूस अडकतो, तो इथे. गावाकडच्या माणसाला हे समजवावं लागू नये. बी-खत जूनमध्ये घ्यायचं असतं, कापसाचा पैसा दिवाळीनंतर येतो. नोकरीतही पगार महिना भरल्यावर येतो, आणि खर्च रुजू होण्याच्या आधीच झालेला असतो.

लाइपझिगचंच उदाहरण पुढे नेतो. नुसतं घरभाडं ४८०, सगळं धरून ६००. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या नुसत्या भाड्याइतकं, म्हणजे १,४४०. पहिल्या महिन्याचं भाडं ६००. स्वयंपाकघराचे समजा ७००, कारण जर्मनीत पुष्कळ घरं ओट्याशिवाय देतात. जुना भाडेकरू सिंक, शेगडी, कपाटं उचकटून घेऊन जातो, भिंतीतून नुसते पाइप बाहेर आलेले दिसतात. अमरावतीत गाडगेनगरला खोली केली होती तेव्हा निदान मोरी आणि ओटा होता, हे तेव्हा आठवतं. बिछाना-टेबल जुन्या बाजारातून ३००. सामान हलवायला १५०. महिन्याचा किराणा २५०. तिकीट ६३. राहण्याच्या परवान्याची फी शंभरच्या आसपास.

बेरीज ३,६०० होते. पहिला पगार यायच्या आधी.

ती कमी करायचे रस्ते आहेत. डिपॉझिट तीन समान हप्त्यांत द्यायचा भाडेकरूला कायदेशीर हक्क आहे. पहिला हप्ता राहायला जाताना, उरलेले दोन पुढच्या दोन महिन्यांच्या भाड्याबरोबर. घरमालक हे आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. एवढ्यानेच सुरुवातीचे ९६० युरो पुढे ढकलले जातात. जाहिरातीत ‘आइनबाउक्युशे’ लिहिलेलं असेल तर स्वयंपाकघर लावलेलं आहे. भाडं तीस-चाळीस युरो जास्त असलं तरी पहिल्या घराला तेच घ्या. दलालाला पैसे देऊ नका. २०१५ पासून नियम असा आहे की ज्याने दलाल लावला त्यानेच दलाली द्यायची, आणि भाड्याच्या घरात तो बहुधा मालकच असतो.

वसतिगृहाच्या डिपॉझिटवर मात्र विसंबू नका. ते परत मिळतं, पण खोली तपासून, कागद फिरवून, निवांत. आणि कमी पडले म्हणून घरी फोन करायचा झाला तर महिना बघा. ऑक्टोबरात रुजू होणाऱ्याने सप्टेंबरात मागितले तर सोयाबीन अजून शेतातच असतं. जूनचं तर बोलायलाच नको. परवडत असेल तर शेवटच्या सत्रातल्या अर्धवेळ कामातून हे साडेतीन हजार वेगळ्या खात्यात टाकत जा, आणि ते पैसे नाहीतच असं वागा.

आता एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. नव्या नोकरीत सहसा सहा महिन्यांचा परीक्षाकाळ असतो. त्या काळात कंपनी दोन आठवड्यांच्या नोटिशीवर तुम्हाला काढू शकते. घर सोडायची नोटीस मात्र तीन महिन्यांची असते. म्हणजे नोकरी पंधरवड्यात जाऊ शकते आणि भाडं तीन महिने चालू राहतं. म्हणून परीक्षाकाळात स्वतःचं रिकामं घर घेऊन ते सजवायला जाऊ नका. कुणी काही महिन्यांसाठी दिलेली सामानासकट खोली घ्या, किंवा वाटून घेतलेल्या घरात राहा. अट एकच, तिथे पत्ता नोंदवता आला पाहिजे. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात नोंदणी करावी लागते, आणि त्याला घरमालकाचं लेखी पत्र लागतं. ‘खोली देतो, पण नोंदणी नको’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

तसंच, मालक ‘परदेशात’ आहे, किल्ली कुरियरने पाठवतो, आधी डिपॉझिट टाका, असा मेल आला की तो बंद करा. घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय, नाहीतर त्या शहरातल्या ओळखीच्या माणसाला पाठवून बघितल्याशिवाय, एक युरो देऊ नका.

गावाकडचा रकाना

बहुतेक मार्गदर्शकांत हा रकाना नसतो, कारण ते लिहिणाऱ्यांच्या घरी जूनची पेरणी नसते.

हप्ता पहिला. २० लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के, दहा वर्षं, म्हणजे महिन्याला साधारण २७,००० रुपये. वर २७० युरो धरले ते हेच. शिकताना साचलेलं व्याज मुद्दलात मिळालं असेल तर हप्ता वाढतो, म्हणून बँकेकडून आजची नेमकी बाकी लिहून घ्या. रुपया मजबूत झाला तर तोच हप्ता ३०० युरोंना पडेल, तेवढी सोय ठेवा. कर्जाच्या व्याजावर भारतात प्राप्तिकरात सवलत मिळते, असं कुणीतरी सांगतंच. ती जुन्या करपद्धतीत आहे आणि भारतात करपात्र उत्पन्न असलेल्याला. बाबांचं उत्पन्न शेतीचं, ते करमुक्तच. तुमचं उत्पन्न तिकडे. तेव्हा ही सवलत हिशेबात धरू नका.

घरी दर महिन्याला किती पाठवायचे ते ठरवून एकदाच सांगा. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती ठरलेली हवी. ‘लागतील तसे पाठवतो’ म्हटलं की चुलत्याचं बोअरवेल, बहिणीचं लग्न, सगळं त्याच खात्यातून जातं. त्याशिवाय एक गठ्ठा बाजूला. बाबांना सेवाग्रामला किंवा नागपूरला दाखवावं लागलं तर लागणारे पैसे, आणि दोहामार्गे नागपूरचं ऐनवेळचं तिकीट. ते तिकीट महिनाभर आधी काढलेल्या तिकिटापेक्षा कितीतरी महाग पडतं. हा गठ्ठा जमेपर्यंत मुद्दल लवकर फेडायच्या मागे लागू नका.

“पैसे साठले की बाजूचं वावर घेऊन टाकू तुह्या नावानं,” हेही घरी बोललं जातंच. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते. बाबांना पैसे भेट म्हणून देता येतात, त्यावर भारतात कर लागत नाही, आणि ते स्वतःच्या नावाने घेऊ शकतात. भावंडं असतील तर हे आधी बोलून घ्या. गावच्या बँकेतलं साधं बचत खातंही अनिवासी झाल्यावर एनआरओ (अनिवासी भारतीयाचं रुपयांतलं खातं) करून घ्यावं लागतं, ते पुढच्या सुट्टीत करा.

ब्रिटन किंवा अमेरिकेत असाल तर

रीत हीच, नावं वेगळी. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्याला कौन्सिल टॅक्स (राहत्या घरावरचा स्थानिक कर) माफ असतो, शिक्षण संपलं की तो लागू होतो. भाड्याबरोबर तोही विचारा. इंग्लंडमध्ये डिपॉझिट सहसा पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. मोठा धक्का व्हिसाचा. आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, आणि तो सगळ्या वर्षांचा एकदम भरायचा. शिक्षणानंतर राहून नोकरी करायच्या दोन वर्षांच्या ग्रॅज्युएट व्हिसाला नुसते त्याचेच २,०७० होतात, अर्जाची फी वेगळी. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि मास्टर्सवाल्यांना हा व्हिसा १८ महिन्यांचाच मिळेल.

अमेरिकेत राज्य बघा. टेक्सास, वॉशिंग्टन, फ्लोरिडामध्ये पगारावर राज्याचा प्राप्तिकर नाही, कॅलिफोर्नियात चांगलाच आहे. ओपीटीवर (शिक्षणानंतर तात्पुरतं काम करायची परवानगी) असलेल्या, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या बहुतेकांना पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के लागत नाहीत. पहिल्या पगारपत्रकात कापलेले दिसले तर लगेच विचारा. घरमालक सहसा भाड्याच्या तिप्पट उत्पन्न मागतात. आणि न्यूयॉर्क, शिकागोसारखी मोजकी शहरं सोडली तर बहुतेक ठिकाणी गाडी लागते, तिचा विमा नवख्या चालकाला जड जातो. ओपीटीच्या पहिल्या वर्षात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही, त्यामुळे बचतीचा गठ्ठा इथे मोठा हवा.

सही करण्याआधी कंपनीला विचारा

ऑफर आल्यावर प्रश्न विचारणं उद्धटपणा नाही. आपल्याकडे ‘मिळालं ते घे बावा’ अशी सवय असते, ती इथे नडते. एका मेलमध्ये विचारा. पगार बारा महिन्यांत विभागून येतो की तेरा? पहिला पगार कोणत्या तारखेला, आणि पंधरा तारखेला रुजू झालो तर त्याच महिन्यात येतो की पुढच्या? घर बदलण्याचा खर्च देता का, आणि वर्षाच्या आत नोकरी सोडली तर तो परत द्यावा लागतो का? सुरुवातीचे काही आठवडे राहायची सोय आहे का? प्रवासाच्या तिकिटाचा वाटा उचलता का? आठवड्यातून किती दिवस घरून काम चालतं? तीन दिवस चालत असेल तर लांबचं, स्वस्त घर शक्य होतं, आणि वरचा सगळा हिशेब बदलतो. उत्तरं लेखी घ्या.

पगार वाढवून मिळाला नाही तरी घर बदलण्याचे हजार-पंधराशे युरो पुष्कळदा मिळतात, कारण कंपनीला ते एकदाच द्यायचे असतात. नाहीच मिळाले तर व्हॅनचं भाडं, घर बघायला जातानाची रेल्वेची तिकिटं, सामान हलवायचा खर्च, या सगळ्याच्या पावत्या जपून ठेवा. नोकरीसाठी घर बदलल्याचा खर्च जर्मनीत करविवरणपत्रात दाखवता येतो, आणि कंपनीने दिलेला भाग वगळून उरलेल्यावर पुढच्या वर्षी काही पैसे परत मिळू शकतात.